जुना कॉम्प्युटर बदलायचा राहिला

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो माझ्या नवऱ्याच्या नोकरीच्या बदल्यात. चिंचवडच्या ज्या कारखान्यात तो टूलरूममध्ये होता, तिथे नवे मालक आले, नवी यंत्रं आली आणि जुन्या माणसांना स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज वाटले गेले. स्वेच्छा कुणाची, ते कुणी विचारलं नाही. मिळालेल्या पैशातला बराचसा भाग धायरीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या कर्जात गेला आणि उरलेल्यातून त्याने मला कॉम्प्युटर आणि प्रिंटर घेऊन दिला. मी नुकताच मराठी डीटीपीचा कोर्स केला होता. "माझं मशीन गेलं, तुझं येऊ दे," एवढंच तो म्हणाला.

वर्षभराने त्याला हिंजवडीला एका आयटी कंपनीच्या इमारतीत देखभालीचं काम मिळालं. दिवे, पंखे, एसी, पाण्याचे पंप. इकडे माझंही बरं चाललं होतं. कोथरूडचे क्लासवाले प्रश्नपत्रिका आणून देत, कुणी प्रबंध, कुणी लग्नपत्रिका. पुढच्या खोलीत खिडकीखाली टेबल होतं. जेवणखाण, पाहुणे, मुलीचा अभ्यास, सगळं त्या टेबलाच्या कडेकडेने चालायचं.

मग मामाजी आले. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्या वऱ्हाडात सासऱ्यांना मामाजी म्हणतात. अमरावतीकडे पाटबंधारे खात्यात ते तीस वर्षं टंकलेखक होते. त्यांच्या वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि त्यानंतर पोराला शिकवायचंच असा हट्ट धरला, हे ते अधूनमधून सांगत. सासूबाई गेल्यावर गावात एकटं राहणं त्यांना जमेना, म्हणून नवरा त्यांना पुण्याला घेऊन आला. सकाळी ते विहारात जायचे, परत यायचे आणि गॅलरीत बसायचे. जेवायला वाढलं की जेवायचे. मी काही विचारलं तर "हो" नाहीतर "नाही". इथल्या माणसांशी काय बोलावं हे त्यांना कळत नसावं, आणि मला त्यांच्याशी.

एका दुपारी मी एक प्रबंध टाइप करत होते. ते मागे येऊन कधी उभे राहिले, मला कळलंच नाही.

"पोरी, बोटं मोजून मोजून टाकून रायली का वं?"

मी हसून उठले. "तुम्ही बघता का मामाजी?"

ते आढेवेढे न घेता बसले. आमच्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांची मांडणी जुन्या टंकयंत्रासारखीच होती. पहिली दहा मिनिटं ते कळा चाचपत राहिले. मग कागदावरची नजर न हलवता त्यांनी सुरुवात केली, आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघतच राहिले. ओळ संपली की त्यांचा डावा हात आपोआप वर उचलला जायचा, टंकयंत्राचा दांडा ढकलायला. तिथे दांडा नसायचा. हात हवेतच जरा थांबायचा आणि परत खाली यायचा.

त्या दिवसापासून ते बोलू लागले. सकाळी विहारातून आल्यावर विचारायचे, "आज कोणाचं काम हाय?" मी आखणी, चौकटी, छपाई बघायची आणि मजकूर ते टाकायचे. गिऱ्हाइकं वाढली. बुद्धपौर्णिमेला विहाराने वंदनेची पुस्तिका काढली, ती त्यांनी एकट्याने केली. त्यांच्या ओळखीच्या लोकांमध्ये ते 'कॉम्प्युटरवाले काका' झाले.

सहा-सात वर्षं अशी गेली आणि कॉम्प्युटर थकला. सकाळी बटण दाबून चहा ठेवला, तर चहा पिऊन होईपर्यंत तो जेमतेम जागा व्हायचा. पडदा एका बाजूने गुलाबी दिसायचा. तारीख रोज कुठल्यातरी जुन्याच वर्षावर जायची. पंख्याचा आवाज एवढा, की शेजारची वहिनी एकदा म्हणाली, "गिरणी घातलीत का?" दुरुस्तीला सिंहगड रोडवरचे एक गृहस्थ स्कूटरवरून येत. त्यांनी झाकण उघडलं, आत फुंकर मारली आणि म्हणाले, "ताई, ह्याला आता डॉक्टर नको. चार खांदेकरी बघा."

त्यासाठीच मी भिशी लावली होती. आमच्या इमारतीतल्या बारा बायकांची भिशी होती. दर महिन्याला चिठ्ठी निघे. जिचं नाव येईल तिला सगळ्यांची रक्कम मिळे. पाचव्या महिन्यात माझी चिठ्ठी निघाली. मी लगेच दुरुस्तीवाल्यांना बोलावलं आणि विचारलं, "नवा घेतला तर आमचं सॉफ्टवेअर त्यात चालेल ना?"

त्यांनी मशीनच्या मागे खोचलेलं बोटाएवढं खोकं दाखवलं. ते सॉफ्टवेअरचं कुलूप होतं; ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नसे. "ही खाच आता नव्या मशीनला येतच नाही. सॉफ्टवेअर नवं घ्यावं लागेल. कीबोर्डची मांडणीपण वेगळी. तुम्ही शिकाल महिन्याभरात."

"आणि मामाजी?"

त्यांनी गॅलरीकडे बघितलं. मामाजी विहारात गेले होते. "किती वय?"

"सत्तरी आली."

पुणेरी टोमणा न मारता त्यांनी ते खोकं पुन्हा घट्ट दाबून बसवलं.

मी दोन दिवस विचार केला. मामाजी पुन्हा गॅलरीत बसलेले, "हो" नाहीतर "नाही" म्हणणारे, असे मला दिसायला लागले. त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या यजमानांचं ऑपरेशन ठरलं. मी माझा भिशीचा नंबर त्यांना दिला. त्यांचा नंबर येईल तेव्हा मी घेणार. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. मला फार बरं वाटलं. पण खरं सांगायचं तर मला थांबायला कारण हवं होतं, आणि ते त्यांनी दिलं.

नवरा चिडला. "अगं, आमच्या कंपनीत तीन वर्षं झाली की मशीन उचलून बाजूला ठेवतात. चालू असलं तरी. काम अडायच्या आधी बदलायचं, अडल्यावर नाही."

"कंपनीकडे पैसे आहेत."

"तुझ्याकडेपण होते," तो म्हणाला.

त्यानंतर मी जुन्या मशीनला ठिगळं लावत राहिले. कधी पंखा बदल, कधी मेमरीची जुनी पट्टी टाक. त्याच दिवसांत कोथरूडच्या एका निवृत्त प्राध्यापकांचं पुस्तक आलं. महाराष्ट्रातल्या गावांची नावं कशी पडली यावर त्यांनी वीस वर्षं टिपणं काढली होती. चारशेवर हस्तलिखित पानं. मामाजी खूश झाले. रोज पाच-सहा पानं टाकायचे.

शेवटचं प्रकरण चालू असताना एका सकाळी मशीनच्या पोटातून टक्, टक् असा आवाज आला आणि पडदा काळा झाला. दुरुस्तीवाल्यांनी हार्ड डिस्क नेली. चार दिवसांनी बराचसा मजकूर काढून आणला. पण शेवटची दोन प्रकरणं गेली होती. मी ती फ्लॉपीवर उतरवून ठेवली होती, त्या फ्लॉप्यांपैकी एकही उघडली नाही.

प्राध्यापक घरी आले. चहा घेतला नाही. हस्तलिखिताची पिशवी हातात घेऊन म्हणाले, "वीस वर्षं हे माळ्यावर होतं. उंदीर होते, ओल होती. काही झालं नाही. आपल्या मशीनमध्ये तीन महिने ठेवलं, दोन प्रकरणं गेली."

"सर, मी करून देते परत."

"कशावर?" त्यांनी टेबलाकडे बघून विचारलं. पिशवी मात्र त्यांनी परत टेबलावर ठेवली. महिन्याभराची मुदत देऊन ते गेले.

मामाजी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकत होते. मला वाटलं, मजकूर गेल्याचं त्यांना वाईट वाटतंय. दुसऱ्या दिवशी ते खाली फेरी मारायला गेले आणि जिन्यात त्यांना वरच्या वहिनी भेटल्या. त्या भाबडेपणाने म्हणाल्या, "तुमच्या सूनबाई म्हणजे देवमाणूस हो. स्वतःच्या कॉम्प्युटरची भिशी मला दिली."

ते वर आले. मी भाजी निवडत होते. ते समोर खाली बसले. एरवी गुडघ्यांमुळे कधी खाली बसत नसत.

"भिशी लागली होती तुले?"

"हो."

"मग काऊन नाही घेतला?"

मी आधी वहिनींच्या ऑपरेशनचं सांगितलं. ते तसेच बघत राहिले. मग मी कुलुपाचं सांगितलं, कीबोर्डचं सांगितलं. त्यांचा चेहरा बदलत गेला. मी त्यांना कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं.

"मले सांभाळायचं असंन तर जेवाले घाल," ते म्हणाले. "कामाच्या आड मले काऊन उभं करतं? तुह्या नवऱ्याची नोकरी गेली तवा हे मशीन आलं. ते बंद पडेपर्यंत तू थांबली. कोणासाठी? माह्यासाठी? आन् मले इचारलं बी नाही!"

माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. मी रडले. त्यांनी समजूत घातली नाही. थोड्या वेळाने समोरची जुडी ओढून घेतली आणि तेही निवडायला लागले.

संध्याकाळी त्यांनीच मुलाशी बोलणं काढलं. "तुह्या कंपनीत उचलून ठेवलेले मशीन काय करते?"

"विकतात. स्टाफला आधी विचारतात."

"तू विचारलं?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मला नवं कोरंच हवं, असं तो धरून चालला होता. आणि आमच्या त्या भांडणानंतर मी त्याला कॉम्प्युटरचा विषयच काढू दिला नव्हता. पंधरा दिवसांत तीन वर्षं वापरलेला, काळा, चपट्या पडद्याचा कॉम्प्युटर तो रिक्षात मांडीवर धरून घेऊन आला. त्यालाही ती खाच नव्हती, म्हणून सॉफ्टवेअर नवं घ्यावं लागलं. भिशीचा नंबर यायचा होता, म्हणून ते हप्त्याने घेतलं.

मामाजींनी नव्या मांडणीचा तक्ता मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर चिकटवला. रोज सकाळी तासभर बसायचे. 'क' दाबायला जावं तर भलतंच अक्षर उमटायचं. बोटं जुन्याच जागी जात आणि ते ती परत आणत. एका ओळीला पाच मिनिटं लागायची. मी स्वयंपाकघरात मुद्दाम भांडी वाजवत राहायचे, मी बघतेय असं त्यांना वाटू नये म्हणून. दोन महिने त्यांनी नेटाने केलं. मग एक दिवस तक्ता काढून घडी घातली आणि म्हणाले, "हे नाही जमत आता. तू टाक." मला ज्याची भीती वाटत होती तेच झालं होतं. त्या आठवड्यात ते पुन्हा गॅलरीत बसू लागले.

प्राध्यापकांनी दिलेली मुदत त्याच्या आधीच टळली होती. मी फोन करून आणखी वेळ मागून घेतला होता. गेलेली दोन प्रकरणं मी टाकली. जुना वाचलेला मजकूर नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला तर वेलांट्या शेजारच्या अक्षरावर, रफार गायब, जोडाक्षरं फुटलेली. प्रत्येक ओळ हस्तलिखिताशी ताडून बघावी लागणार होती. मी छापलेली पानं आणि लाल पेन घेऊन गॅलरीत गेले.

"मामाजी, मला एकटीला होणार नाही."

त्यांनी माझ्याकडे संशयाने बघितलं. "मले कामाला लावायचं म्हणून सांगून रायली का?"

"नाही. चारशे पानं आहेत. पुढच्या सोमवारी द्यायची आहेत."

त्यांनी चष्मा पुसला. सोमवारपर्यंत आम्ही दोघं बसलो. मी हस्तलिखित वाचायची, ते छापलेल्यावर खुणा करायचे. अमरावती जिल्ह्याच्या प्रकरणाला ते मध्येच थांबले. "शिरसगाव नाही हे. शिरजगाव. मी त्या गावच्या कालव्याच्या नोटिशी टाइप केल्या हाय." असं त्यांनी नऊ ठिकाणी केलं. मी म्हटलं, सरांचं लिहिलेलं आपण कसं बदलणार? त्यांनी समासात नुसतं प्रश्नचिन्ह टाकलं.

सोमवारी पानं पोचवली आणि आठवड्याने प्राध्यापक ती घेऊन आले. पानं टेबलावर ठेवून त्यांनी विचारलं, "ही प्रश्नचिन्हं कुणाची?"

मामाजी उठून उभे राहिले. "माझी, साहेब."

"बसा. मी गॅझेटियर काढून पाहिलं. नऊपैकी आठ आपली बरोबर आहेत. नववं माझं." त्यांनी त्या दिवशी चहा घेतला, पोहेही घेतले. निघताना चपला घालत म्हणाले, "पुढचं पुस्तक नद्यांच्या नावांवर आहे. त्यात चुका नाहीत. पण आपण काढालच."

नंतर आमच्याकडचं प्रत्येक काम मामाजींच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडलं नाही. गिऱ्हाइकं मुद्दाम विचारत, "काकांनी बघितलंय ना?" पुष्कळ उशिरा, आमच्या ओळखीच्या एका छापखान्यात, मला कळलं की त्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये टंकयंत्राची जुनी मांडणीही होती, सेटिंगमध्ये कुठेतरी खोल. दुरुस्तीवाल्यांना ती माहीत नव्हती, आणि मी कुणाला विचारलं नव्हतं. घरी येऊन मी घाबरत मामाजींना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"असंन," ते म्हणाले. "आता मले वाचायचीच आवड लागली."

ते खरं होतं की मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, हे मला आजही ठरवता येत नाही.

तो काळा कॉम्प्युटर पाच वर्षं चालला. तो हळू व्हायला लागल्याचं माझ्याआधी मामाजींनीच ओळखलं. तेव्हा त्यांना मोतीबिंदू झाला होता आणि ऑपरेशनची तारीख मिळाली होती. एका सकाळी मी त्यांच्यासमोर दोन दुकानांची पत्रकं ठेवली आणि विचारलं, "मामाजी, यातला कोणता घेऊ?"

"मले काय समजते त्यातलं?"

"तरी."

त्यांनी दोन्ही पत्रकं डोळ्यांजवळ धरून पाहिली. मग म्हणाले, "पडदा मोठा हाय तो घे. डोळा झाला की मले अक्षर मोठं लागंन." मी त्याच दुपारी जाऊन तो घेतला.