बकरीचा वकील

काल सुनेने बाजारातून वाळलेली मोहफुलं आणली. त्या गोड, आंबूस वासासरशी मी सत्तर वर्षं मागे, गोंडपिपरीजवळच्या आमच्या गावच्या शाळेत जाऊन पोचले.

सुशीलाबाई मराठीचा धडा नुसता वाचत नसत, आमच्याकडून वठवून घेत. त्या सकाळी बकरीने वाघावर खटला भरला होता. वाघ मी होते. "माझ्या रानात शिरलीस, म्हणून तुझं पिल्लू खाल्लं," असं मी ऐटीत सांगत होते. बकरी झालेली माझी मैत्रीण लाजून गप्पच.

तेवढ्यात माझे बाबा दारात आले. "बाई, पोरीले नेतो. मोहफुलं वेचाले हात कमी पडून राह्यले. अन् गोष्टीनं का पोट भरते?"

वेचणीला गेलेल्या मुली सहसा शाळेत परतत नसत.

"न्या भाऊ," बाई म्हणाल्या, "पण एवढा निकाल लागू द्या."

बाबा उंबऱ्यावर टेकले. मी पुन्हा गुरगुरले, बकरी पुन्हा गप्प. बाबांना राहवेना. ते ताडकन उठले आणि माझ्यावर ओरडले, "काऊन रे वाघोबा, रान तुह्या बापाचं हाये का?"

वर्ग हसून लोटपोट झाला. बाबा मात्र हात नाचवत बकरीची बाजू मांडतच राहिले, आणि मी खटला हरले. तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे मीही जन्मभर मराठी शिकवली, पण तसं रसरशीत बोलणं कुठल्याच वर्गात ऐकलं नाही.

बाबा मला न घेताच परतले. दुसऱ्या दिवशी ते माझ्याआधी शाळेच्या दारात हजर.

"बाई, आज कोनाचा खटला हाये?"