निळा दोरा
परवा सर्जापूर रोडवर मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात डाग देताना राळ जळल्याचा वास आला आणि मी थेट साठच्या दशकातल्या आमच्या बंगळूरच्या प्रयोगशाळेत जाऊन पोचले. तिथे आमचे साहेब स्वतःच्या आराखड्यावरून कॉम्प्युटर बनवत होते. त्याची स्मृती, म्हणजे मेमरी, तेव्हा हाताने ओवावी लागे. मोहरीपेक्षा बारीक चुंबकी मणी एका चौकटीत मांडून त्यांतून केसासारख्या तांब्याच्या तारा काढायच्या. ओवणाऱ्या आम्ही चौघी. कोणाची चौकट कोणती ते कळावं म्हणून प्रत्येकीने कोपऱ्याला आपल्या रंगाचा दोरा बांधायचा, अशी आमची रीत होती. माझा निळा. डायरेक्टर यंत्र बघायला आले आणि नेमकी त्याच दिवशी साधी बेरीज चुकली. साहेबांनी आमच्याकडे पाठ करून एक चौकट बाहेर काढली, भिंगाखाली धरली. ती ज्या खाचेतून निघाली त्यावरून मी ओळखलं, चौकट माझीच होती. एका मण्यातून तार गेलीच नव्हती. "कोणाचं काम हे?" डायरेक्टरांनी विचारलं. "माझं," साहेब म्हणाले. पुढच्या यंत्राची मंजुरी त्या एका शब्दापायी लांबली. संध्याकाळी चौकट माझ्या टेबलावर आली तेव्हा तिच्या कोपऱ्याला दोरा नव्हता. साहेबांनी तो खिशातून काढून माझ्या हातावर ठेवला. "स्वल्प हळू ओवा, अक्का," ते म्हणाले, "आणि हा परत बांधा." पुढे माझ्याही हाताखाली कितीतरी मुली आल्या, त्यांच्याही चुका निघाल्या, पण "माझं" म्हणणं मला एकदाही जमलं नाही.