फळ्यावर लिहिलेलं घरचं पत्र

लढाईच्या दिवसांत कागद मिळेनासा झाला, म्हणून मी माझं घरचं पत्र भर वर्गात फळ्यावर लिहिलं. नाहीतर असला आगाऊपणा मी जन्मात केला नसता.

मी तेव्हा साताऱ्याला मुलींच्या शाळेत शिकवत होते. सातवीचा वर्ग माझ्याकडे होता. वर्षाखेरीला फायनलची परीक्षा, आणि तिच्यात एक उतारा हमखास यायचा: वाचा आणि यातली मुख्य कल्पना एका वाक्यात लिहा. पोरी त्या प्रश्नाला बिचकायच्या. आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे हेडमिस्ट्रेसनी, त्यावर तोडगा काढला होता. उताऱ्याचं पहिलं वाक्य बघायचं, शेवटचं बघायचं आणि दोन्ही जोडून लिहून टाकायचं. मार्क पडायचे, खोटं कशाला बोलू? पण उतारा कशाबद्दल होता ते एकीला सांगता आलं तर शपथ! आणि मीही मुकाट्यानं तेच शिकवत होते. विधवा बाई, सासर सांगलीला, माहेरी कुणी उरलेलं नाही. मोठ्या बाईंशी हुज्जत घालून जाणार कुठं? शाळेतून खोलीवर, खोलीवरून शाळेत. देवळात जरा जास्त बसलं, तर घरमालकीण दारातच उभी, "उशीर झाला आज?" आठ वर्षं हेच. जीव नुसता उबगून गेला होता.

अशात थोरल्या दिरांचं पत्र आलं. आठ वर्षांत ज्या माणसानं संक्रांतीला कधी चार ओळी खरडल्या नाहीत, त्यानं कागदाच्या दुष्काळात चार पानं लिहिली होती! 'तुमची आठवण घरात रोज निघते. घर तुमचेच आहे. परक्या गावी एकटीने का राहावे? नोकरी सोडून निघून या.' वाचलं आणि मी ढसाढसा रडले. कुणाला तरी मी हवी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी राजीनामा लिहिला आणि पिशवीत घातला. शाळा सुटली की मोठ्या बाईंच्या हातात द्यायचा, असं पक्कं ठरवलं.

वर्गात आले, तर शिकवायला नवा उताराच नाही. पुस्तकातले सगळे पोरींना तोंडपाठ, आणि वेगळे छापायला कागद कुठला? पिशवीत हात घातला तर राजीनाम्याबरोबर पत्रही हाताला लागलं. म्हटलं, शेवटचाच तास आहे, होऊन जाऊ दे. वरचं 'गं. भा.' गाळलं, विधवेच्या नावामागची ती दोन अक्षरं मला कधीच सोसली नाहीत. नावगाव गाळलं आणि दहा-बारा ओळी फळ्यावर उतरवल्या. कुणीतरी घरातल्या एका बाईला लिहिलेलं पत्र आहे, एवढंच सांगितलं.

"यात मुख्य काय सांगायचंय?"

पहिल्या बाकावरची उठली. "इकडे सर्व क्षेम आहे."

"बस खाली. क्षेम आहे हे सांगायला कुणी एवढा खडू झिजवतं का?"

दुसरी म्हणाली, "त्यांची माया आहे, बाई."

मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर त्याच उत्तरासाठी मी अडून बसले होते.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून एक हात वर झाला. जवळच्या खेड्यातली पोर, शिकायला मावशीकडे राहिलेली. बाप फौजेत, दोन चुलते फौजेत. गावी गेली की सगळी आळी आपापली पत्रं घेऊन हिच्याकडे यायची, कारण वाचता येणारी ही एकटीच.

"बाई, मला वायलंच वाटतंय. रागावणार न्हाई न्हवं?"

"बोल की."

"ह्यात त्या बाईची तब्येत तीनदा इचारलीया. पाठ दुखती का, पानी उचलवतं का, जागरान सोसतं का. आन् मदीच लिवलंय, आईचं समदं जाग्यावरच करावं लागतंय. बाजारात बैल घेताना दात बगत्यात, तसं हाय ह्ये."

वर्ग खुदकन हसला. माझं मात्र डोकं फिरलं. "तुला कुणी सांगितलं हे?"

"कुणी न्हाई. आमच्या आळीची पत्रं मीच वाचती. मानूस परत परत काय इचारतंय ते बगायचं, आन् काय एकदाबी इचारत न्हाई, ते बगायचं. ती बाई सुखात हाय का, ते ह्येनं एकदाबी इचारलं न्हाई."

मी फळ्याकडे वळले. मोजलं. तीनदा. माझ्याच अक्षरात. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, अंथरुणाला खिळल्यात, ही ओळ मी घरची एक बातमी म्हणून वाचून सोडून दिली होती. मी मेली आठ वर्षं उतारे शिकवत होते!

"बस खाली. आगाऊ कुठली," मी तिला म्हणाले. पैकीच्या पैकी मार्क द्यायचे सोडून मी त्या पोरीवर ओरडले, त्याची आजही लाज वाटते.

राजीनामा चुलीत गेला. दिरांना कळवलं, 'येणे जमणार नाही.' पत्र पेटीत टाकलं, येताना दोन कंदी पेढे घेतले आणि एकटीनं खाल्ले. सुटले बाई एकदाची, असं वाटलं.

पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी, दारात टांगा थांबला. दीर उतरले. मागं गोधडीत गुंडाळलेल्या आत्याबाई. सांगलीहून एवढ्या लांब सर्व्हिस मोटारीतून त्यांना आणलं होतं. दिरांनी त्यांना उचलून माझ्या खाटेवर ठेवलं, शेजारी एक बोचकं.

"तुम्हांला येता येत नाही म्हणालात. म्हणून आईलाच घेऊन आलो."

चहासुद्धा न घेता, उभ्या उभ्या गेले. टांगा थांबवूनच ठेवला होता.

मग माझा तोल सुटला. भांडी आदळली, बोचकं लाथेनं कोपऱ्यात सरकवलं. "माझी नोकरी, माझी ही वीतभर खोली, आणि मला कुणी एका शब्दानं विचारलं का?"

आत्याबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मला वाटलं, झोपल्यात.

"आन् मला कुनी इचारलं, बाई?"

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. ते पत्र मी दहा वेळा वाचलं होतं. दिराचा कावा दिसला, माझी फसगत दिसली. ज्या बाईसाठी हा सगळा खटाटोप चालला होता, तिला काय हवंय, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मी खाटेजवळ जाऊन बसले.

"आत्याबाई, इथं राहायचंय का तुम्हांला?"

त्यांनी सावकाश मान वळवली आणि आल्यापासून पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "पर तिकडंबी न्हाई."