बेटावरचा बार आणि गावदेवीचा मान

दिवाळे गावासमोरच्या खाडीतल्या बेटावरचा बार ज्याने मला विकला, त्याने मला फसवलं. आमच्या बिल्डिंगमधल्या तळमजल्यावरच्या साहेबांना ते होताना दिसत होतं, आणि ते गप्प बसले. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे मध्येच कोणी "अहो, तुमचा गैरसमज झाला असेल" म्हणणार नाही. माझे गैरसमज होत नाहीत. तुर्भ्याच्या मार्केटात हमालांची खानावळ चालवून मी वर आलो. कांद्याच्या गोणीत कोपरापर्यंत हात घालून तळाचा कांदा वर काढायचा, व्यापाऱ्याच्या नाकासमोर धरायचा आणि मग भाव विचारायचा, ही माझी पद्धत. वरचा कांदा बघून घेणाऱ्यांना मी हसत असे.

बार बघितला तो नव्वदीच्या मधल्या वर्षांत, एका रविवारी. बायको आणि दोन्ही मुलींना घेऊन होडीने गेलो होतो. माडांखाली पत्र्याचं छप्पर, जांभ्या दगडाचा ओटा, सहा टेबलं आणि भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये लावलेला परवाना. समोर पाणी. मार्केटात पंधरा वर्षं मी ट्रकची मागची बाजू बघत जेवलो होतो. इथे एक गोरं जोडपं बिअर घेऊन दोन तास नुसतं खाडीकडे बघत बसलं होतं आणि त्याचे पैसे देत होतं. मला धंदा कळला.

मालक बेटावरचाच, माझ्याच वयाचा, बोलायला गोड. म्हणाला, "पोरगा उरनला कंटेनर यार्डात लागला. आता इथं बसाला कोन हाय? घेता का तुमी?"

मी हसण्यावारी नेलं. घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं.

आता बाहेरच्या माणसाने बेटावर काही घेणं म्हणजे काय, ते सांगतो, कारण आजही लोक मला विचारायला येतात. कोणाला गोव्याला शॅक घ्यायचा असतो, कोणाला अंदमानला काहीतरी. बेटावर तुम्ही परदेशी असता. मी साताऱ्याकडचा, भाषा मराठी, तरी तिथल्या लोकांच्या लेखी मी आणि ते गोरं जोडपं एकाच होडीतून उतरलेलो होतो. परदेशी माणूस दोन गोष्टी बघतो, पाणी आणि कागद. पाणी सगळ्यांना भुलवतं. कागद मी मात्र इतरांसारखे वरवर बघितले नाहीत. जमिनीचा उतारा काढला, भाऊबंदांच्या सह्या घेतल्या, परवाना रीतसर माझ्या नावावर करून घेतला. त्या कागदांत आजही कोणी एक खोट काढून दाखवावी.

मध्यस्थ म्हणून मी साहेबांना घेतलं. ते मंत्रालयात नोकरीला, मूळचे उरणकडचे, खाडीकाठच्या गावातले. घरी नवीन गॅस आला तरी कागद घेऊन मी त्यांच्याकडे जात असे. ते दलाली घेणार नाहीत हे माहीत होतं, आणि त्यांनी घेतलीही नाही. म्हणूनच माझं डोकं जास्त फिरतं. दलाली खाऊन गप्प बसलेला माणूस मला समजतो.

सौदा झाला दिवाळ्याच्या धक्क्यावर, चहाच्या टपरीत. बाहेर काठ्यांवर बोंबील वाळत होते. मालकाने किंमत सांगितली आणि वर म्हणाला, "आनि देवीचा मान."

"हे काय आणखी?"

"जत्रंला द्यावा लागतो. बोकड, साडी, नारल. दर वर्साला."

मला वाटलं, हे वजन वाढवायला गोणीत घातलेले दगड. असे दगड मी आयुष्यभर काढत आलो होतो. म्हणालो, "मान-बिन तुझ्याकडे. गावचा तू, देवी तुझी. माझ्या डोक्यावर नको."

साहेबांनी कप खाली ठेवला. "थांबा जरा," म्हणाले, "तो मान म्हणजे..."

मी हात वर केला. "साहेब, भाव चालू असताना मध्यस्थाने बोलायचं नाही. भाव तुटतो."

मालकाने साहेबांकडे बघितलं. मग माझ्याकडे. "मंग मान माजा?"

"तुझा."

"पुन्ना बोला."

"तुझा, बाबा! बोकड तुझा, साडी तुझी, नारळ तुझा!"

टपरीतले चार कोळी हसले. एक म्हातारी टोपली उतरवून ऐकत उभी राहिली. "आनि एकदा बोला," मालक म्हणाला, आणि मी जिंकल्याच्या मस्तीत तिसऱ्यांदा बोललो. त्याने लगेच हात पुढे केला. एवढ्या लवकर हात पुढे करणाऱ्या माणसाच्या गोणीचा तळ मी कधीच सोडत नसे. त्या दिवशी सोडला.

बार घ्यायला मी खानावळ विकली. जी खानावळ मला मुंबईत उभं राहायला जागा देऊन गेली ती विकली, हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं. मागे परतायला काही ठेवलं नव्हतं.

दिवाळीनंतर सुरू केलं. बायको रोज पहिल्या होडीने माझ्याबरोबर यायची. देशावरची बाई, तिने बोंबील तळायला शिकून घेतलं आणि महिनाभरात असे तळले की बेटावरच्या बायका बघायला येऊ लागल्या. रविवारी तीन होड्या भरून गिऱ्हाईक उतरायचं आणि सरळ आमच्या पायऱ्या चढायचं. मी बायकोला म्हणायचो, "तुझ्या हाताची चव धक्क्यापर्यंत पोचली." ती म्हणायची, "पलीकडे तिघांच्या खानावळी आहेत, त्यांच्याकडे दुसऱ्याच होड्या कशा जातात हो?" मी म्हणायचो, "त्यांचं त्यांना बघू दे."

चैत्रात गावदेवीची जत्रा आली. त्याच आठवड्यात गावी माझ्या पुतण्याचं लग्न होतं. बार चार दिवस बंद ठेवून आम्ही साताऱ्याला गेलो.

परत आल्यावर पहिला रविवार. नेहमीच्या तीन होड्या लागल्या. मी पायऱ्यांवर उभा. नावाड्याने उतरणाऱ्या बायकांना हात दिला, मुलांना उचलून खाली ठेवलं आणि सगळी वरात आमच्या पायऱ्यांवरून पुढे नेली. तीस पावलांवर, चिंचेखाली, निळ्या ताडपत्रीचा नवा मांडव होता. आत चूल पेटली होती. गल्ल्यावर मला बार विकणारा बसला होता. त्याच्याकडे परवाना नव्हता, पण लोक पिशवीतून बाटल्या आणतच होते. परवाना माझ्याकडे होता आणि माणसं त्याच्याकडे.

मी नावाड्याचा दंड धरला. "अरे, तिकडे कुठे?"

"हात सोडा शेट. होडी आता तिकरची हाय."

"तिकडची म्हणजे? काल माझ्याकडे येत होती!"

"वाटनी झाली ना जत्रंला. तुमी व्हते कुठं?"

तेव्हा मला कळलं. बेटावर होड्यांची वाटणी असते. जत्रेच्या दिवशी देवीला जो मान देतो त्याचं नाव पुकारतात, आणि वर्षभर कुठल्या होड्यांनी कोणाच्या दारात माणसं उतरवायची ते तिथे ठरतं. दिवाळीपासून माझ्याकडे येणाऱ्या तीन होड्या त्याच्या जुन्या मानाच्या होत्या. जत्रेला त्याने नवा मान दिला, स्वतःच्या नावाने. होड्या त्याच्याबरोबर तीस पावलं सरकल्या.

मी स्वस्थ बसणारा नाही. करावे गावच्या एका नावाड्याला दुप्पट भाड्याची बोली केली. त्याने माझी बिडी ओढली, सगळं ऐकलं आणि म्हणाला, "दुसऱ्याच्या धक्क्याला आमी लागत नाय शेट. उद्या ते आमच्या धक्क्याला लागतील, मंग?" पैशाने न हलणारा माणूस मला आयुष्यात पहिल्यांदा भेटला, आणि तोही बिडी ओढत.

मग मी गावकीपुढे गेलो. देवळाच्या ओट्यावर पाच माणसं बसली होती. मी कागदांची फाइल मांडली. त्यांतल्या सगळ्यांत वयस्कर माणसाने चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटच्या सहीपर्यंत वाचलं. घाई केली नाही. मग फाइल दोन्ही हातांनी परत दिली.

"कागद बरोबर हाय. बार तुमचा हाय. कोन नाय बोलला?"

"मग होड्या?"

"होड्या मानाच्या. मान कोनाचा?"

मला बार विकणारा खांबाला टेकून उभा होता. बोलली ती टोपलीवाली म्हातारी, मागून. "मी आयकला. यानी तीन टायमाला बोलला. बोकर तुजा, सारी तुजी, नारल तुजा. असा हात करून!" आणि तिने माझी नक्कल केली, हात उडवत. ओट्यावर हशा पिकला. मलाही क्षणभर हसू येणार होतं, इतकी ती हुबेहूब होती.

"मला काय माहीत मान म्हणजे काय!" मी ओरडलो. "मला कोणी सांगितलं?"

म्हातारी म्हणाली, "तुज्याबरूबर तो उरनवाला व्हता ना! त्याला म्हाईत नाय व्हय? त्याच्या गावाला पन हाय."

विकणाऱ्याने मग तोंड उघडलं. बार परत द्या, म्हणाला, मी चालवतो, तुमी मोकले व्हा. किंमत त्याने सांगितली ती इथे लिहीत नाही, माझं रक्त उसळतं. मी फाइल काखेत मारली आणि म्हणालो, "बार माझा आहे, असं आत्ताच तुमच्या पंचांनी सांगितलं. माझाच राहील." घासाघीस केली नाही. आयुष्यात एकदाच केली नाही.

त्या संध्याकाळी मी साहेबांचं दार वाजवलं. ते बनियनवर, हातात पेपर.

"तुम्हाला मान म्हणजे काय ते माहीत होतं," मी म्हणालो.

"होतं."

"मग?"

"मी बोलायला लागलो होतो. तुम्ही हात वर केलात." आणि दार लावलं नाही, पण पेपरकडे बघायला लागले.

बायको वर जिन्यात उभी होती. घरात आल्यावर म्हणाली, "खरं आहे का हे? तुम्ही त्यांना गप्प केलंत?" मी तिला तेव्हा जे सांगितलं तेच इथे सांगतो. हो, केलं. तो माझा हात होता, आणि त्या एका हाताची किंमत मी दिली आहे. खानावळ गेली. दोन वर्षं बायकोने नेरुळच्या फुटपाथवर पोळी-भाजीचं टेबल लावलं, मी मार्केटातून डोक्यावर भाजी आणली. आज आमची दोन हॉटेलं आहेत आणि दोन्हींच्या गल्ल्यावर तिच्या हाताखालची माणसं बसतात. मी बुडालो नाही. बुडणाऱ्यांतला मी नाही. बारचं कुलूप माझं आहे, परवाना अजून माझ्या नावावर आहे, आणि ताडपत्रीवाल्याला ते रोज चिंचेखालून दिसतं, एवढं मला पुरे आहे. त्याने आपल्या गावाच्या रीतीत राहून मला लुबाडलं. त्याच्याशी माझं भांडण आहे, पण त्याचं उत्तर मला माहीत आहे. त्याला बार विकूनही बार हवा होता.

साहेब, तुमचं उत्तर मला माहीत नाही.

कारण मी हात वर केला तो एक दिवस होता. त्यानंतर चैत्रापर्यंत कितीतरी दिवस होते. आपण रोज एकाच जिन्यावर भेटत होतो. तुम्ही दोनदा पाहुणे घेऊन बेटावर आलात, माझ्या टेबलावर बसून पापलेट खाल्लंत, बायकोच्या हाताचं कौतुक केलंत. आणि जत्रेच्या आधीच्या शनिवारी, बहिणीला घेऊन आला होतात तेव्हा, हात धुताना तुम्हीच मला विचारलंत, "जत्रेला काय ठरवलंय?" मी म्हणालो, "आम्ही गावी जातोय, लग्न आहे. बार बंद." तुम्ही रुमालाने एकेक बोट पुसलंत आणि म्हणालात, "बरं."

एक बोकड, एक साडी, एक नारळ. त्या शनिवारी तुम्ही सांगितलं असतंत, तर मी लग्न सोडून मान घेऊन देवळात उभा राहिलो असतो. त्याच्याआधी. आणि मी तिथे हात वर केला नव्हता. माझे दोन्ही हात ताटं उचलण्यात गुंतले होते.

मी तुम्हाला कधी तोडून बोललो असेन. सोसायटीच्या मीटिंगमध्ये टाकीवरून बोललो, तेही चारचौघांत. तेच असेल तर तेच सांगा, मी ऐकून घेईन. आता तुम्ही रिटायर आहात, संध्याकाळी खाली बाकावर बसता, माझ्या हॉटेलातून पार्सल मागवता आणि पैसे चोख देता. मला पैसे नकोत. उद्या पार्सल पाठवणार नाही. स्वतः वर या, माझ्या घरात, माझ्या बायकोसमोर बसा, आणि त्या शनिवारी "बरं" का म्हणालात त्याचं उत्तर द्या.