मी सांगितलेला अर्थ

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, मुलींपाशी नाही. देवापुढे बसले तरी या गोष्टीपाशी आले की मन दुसरीकडे वळवायचे. आता वळवण्याचंही त्राण राहिलं नाही — म्हणून तुम्हाला सांगते.

माझा जन्म कलकत्त्याचा, बेहालाचा. वडील इथेच नोकरीला होते. शाळा मिशनऱ्यांची. तिथे इंग्रजी वाक्प्रचार घोकून घेत, आणि माझ्या लक्षात राहायचे ते देखण्या माणसांचेच. प्रिटी अ‍ॅज अ पिक्चर. ईझी ऑन द आय. हेच का राहायचे? मी दिसायला बेताची होते. यातलं एकही आपल्याबद्दल कुणी म्हणणार नाही, हे मला फार लवकर कळलं होतं.

फाळणीनंतरची ती वर्षं. माझी मावसबहीण कुसुम वाईहून आमच्याकडे आली. मावशी वारलेली, तेव्हा तिचं लग्न आम्हीच जमवायचं असं ठरलेलं. कुसुम — कसं सांगू? ती खोलीत आली की बोलणारा माणूस बोलणं विसरायचा. तिला मात्र त्याचा पत्ता नसायचा. इंग्रजी जेमतेम. शब्द अडला की मला विचारायची. "ताई, तुला सगळं येतं," म्हणायची.

त्याच सुमारास बर्वे नावाचे एक अविवाहित गृहस्थ तिथल्या बँकेत बदलून आले. वाढलेले जबलपूरला, कॉन्व्हेंटमध्ये. मराठी बोलायचे, पण मनातलं काही सांगायचं झालं की इंग्रजीवर यायचे. रविवारी ते सियालदह स्टेशनवर निर्वासितांना दूध वाटायला जात आणि परतताना आमच्याकडे थांबत.

एका रविवारी आले ते नुसते बसूनच राहिले. फलाटावर काय पाहिलं होतं कोण जाणे. कुसुम सरबत घेऊन आली. नुकतीच न्हालेली, केस मोकळे. त्यांनी मान वर केली, तिच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "युअर कझिन इज अ साइट फॉर सोअर आइज."

ते गेल्यावर कुसुम स्वयंपाकघरात माझ्यामागे आली.

"ताई, माझ्याकडे बघून काय म्हणाले ते? आइज म्हणजे डोळे ना? आणि सोअर?"

"सोअर म्हणजे दुखरे."

इथवर खरंच होतं. इथे थांबता आलं असतं — नाही?

"हिच्याकडे बघून डोळे दुखतात, असं म्हणाले."

अर्थ मला ठाऊक नव्हता असं समजू नका. शिणलेल्या डोळ्यांना जिला पाहून आराम पडतो, ती. शाळेत याच वाक्प्रचाराचं मी केलेलं वाक्य बाईंनी वर्गात वाचून दाखवलं होतं.

कुसुम रडली नाही. पेला विसळत राहिली. मग म्हणाली, "असं तोंडावर म्हणतात?"

"इंग्रजीत चालतं," मी म्हटलं.

त्यानंतर ती त्यांच्यासमोर आली नाही. पुढे बर्व्यांनी माझ्या वडिलांकडे तिला रीतसर मागणी घातली. घरात सगळे हरखले. मीही हसत होते. कुसुम तेवढी गोंधळली. मला गच्चीवर गाठून म्हणाली, "डोळे दुखतात म्हणाले, मग मागणी कशी घातली?"

अजूनही वेळ गेलेली नव्हती. चेष्टा केली म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मी म्हटलं, "दया आली असेल. सियालदहला जातात ना, तसंच हे."

ती खाली गेली आणि नको म्हणाली. कारण विचारलं तर सांगेना. "तुला काही बोलली का?" वडिलांनी मला विचारलं. मी नाही म्हटलं. बर्वे यायचे थांबले, आणि काही महिन्यांनी बदली मागून निघून गेले.

मला ते हवे होते का? नाही हो. तेवढं असतं तरी काही कारण सांगता आलं असतं. मला फक्त ते वाक्य तिला मिळू द्यायचं नव्हतं.

कुसुमला सातारच्या एका बिजवराला दिली. माणूस वाईट नव्हता. पण फोटो काढायचा म्हटला की ती मागे सरकायची, चांगलं लुगडं जावेला देऊन टाकायची. लोक म्हणत, किती साधी. मी ऐकत बसायचे.

ती वारण्याच्या आदल्या वर्षी मी साताऱ्याला गेले होते. दुपारी दोघीच शेंगा सोलत बसलो होतो. बर्व्यांचं नाव तिनेच काढलं, इतक्या वर्षांनी.

"ताई, तू सांगितलंस म्हणून वाचले गं. नाहीतर जन्मभर कुणाच्या तरी दयेवर राहिले असते."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, "अगं, बहीण ना मी तुझी."