मैदानात ऐकू येतं

खो-खोच्या सामन्यात गुणलेखकाच्या टेबलावर बसायला स्वतः खेळलेलं असावं लागत नाही. मी कित्येक वर्षं तिथं बसतो आणि आयुष्यात एकदाही कुणाला खो दिलेला नाही. कळंबच्या एका आडतीवर मी हिशेब लिहितो. अक्षर सुवाच्य आणि बेरीज चुकत नाही, एवढ्यावर आमच्या मंडळानं मला टेबलावर बसवलं. कोण केव्हा बाद झालं, कुणी किती वेळ संरक्षण केलं, ते लिहायचं. तुम्ही कुठल्या पातळीवर खेळलात, असं मला आजवर कुणी विचारलेलं नाही. लिहिणाऱ्याला विचारत नाहीत. बोलणाऱ्याला विचारतात. माझ्या लेकीला विचारलं.

तिला लहानपणापासून दमा. आमच्या जिल्ह्यात मुलगी चालायला लागली की खो-खोच्या मैदानावर जाते, असं बाहेरचे लोक थट्टेनं म्हणतात, आणि ते फारसं खोटं नाही. हिच्या वर्गातल्या मुली चुन्याच्या रेघांमध्ये पळायच्या तेव्हा ही माझ्या टेबलाशेजारी सतरंजीवर बसलेली असायची. दोन फेऱ्या पळाली तरी छातीतून शिट्टी वाजायची. म्हणून ती बघत बसायची. आठ-दहा वर्षांची असतानाच हळूच म्हणायची, "पप्पा, आता ती बाद होणार." आणि व्हायची. मी विचारायचो, "कशावरून?" नुसतं वाटलं म्हणाली तर मी मान्य करायचो नाही. दिसलं ते सांग, वाटलं ते नको, असा माझा आग्रह. मग ती सांगायची, ती मागं बघून पळतेय, ती खांबापासून लांबून वळतेय. माझ्या कागदावर नुसता वेळ असायचा. त्या वेळेचं कारण तिच्याकडं असायचं.

कॉलेजात गेल्यावर तिला फुटबॉलचं वेड लागलं. आमच्या तालुक्यात फुटबॉल खेळणारी मुलगी मी तरी पाहिलेली नाही, सगळा फुटबॉल मोबाइलमध्ये. तिला सामन्यापेक्षा सामन्यानंतरची चर्चा जास्त आवडायची. तीन माजी खेळाडू आणि एक बाई बसून, पडद्यावर रेघा ओढून, गोल कसा झाला ते सांगायचे. ती बाई कधी मोठ्या संघाकडून खेळलेली नव्हती. लेक आवाज बंद करायची आणि त्या बाईच्या जागी स्वतः मराठीत बोलायची. भाकरी थापता थापता हिची आई ऐकायची आणि म्हणायची, "पळता आलं न्हाय लेकराला, निदान बोलू तरी द्या."

त्या चर्चेखाली लोक काय लिहितात ते लेकीनं मला एकदा वाचून दाखवलं. हिनं कधी बूट बांधलेत का, हिला चहा करायला पाठवा, असलं पुष्कळ. मी विचारलं, "पण ते तिघं तर खेळलेले आहेत. त्यांचं बरोबर निघत असेल ना?"

"मी बघत असते पप्पा. चुकायला सगळेच चुकतात. तिचं चुकलं की बाई म्हणून चुकलं. त्यांचं चुकलं की म्हणतात, फुटबॉल असाच असतो."

या हिशेबात मला चूक सापडली नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडं मुलींच्या खो-खोची मोठी स्पर्धा झाली. बाहेरच्या जिल्ह्यांचे संघ आले होते आणि सगळे सामने यूट्यूबवर थेट दाखवत होते. ते दाखवणाऱ्या कंपनीचा एक माणूस लेकीला फोनवर म्हणाला होता की राज्य स्पर्धेसाठी त्यांना समालोचनाला एक मुलगी हवी आहे, तुमचा एखादा पूर्ण सामना ऐकू द्या. एवढंच तिला हवं होतं. एक सामना. पण आमच्या मैदानावर माइक ठरलेला असतो. तो क्रीडाशिक्षक सरांचा. सर एके काळी राष्ट्रीय पातळीवर खेळलेले, आमच्या जिल्ह्याच्या मुलींना तेच तयार करतात, आवाज खणखणीत. लेकीकडं सूत्रसंचालन यायचं, म्हणजे पाहुण्यांची नावं, शाल, श्रीफळ आणि चांगल्या खेळाला कुणी बक्षीस पुकारलं तर ते जाहीर करणं. शिट्टी वाजली की माइक सरांकडं. हे कुणी ठरवलं नव्हतं आणि मोडतही कुणी नव्हतं.

दोन दिवस बोलून बोलून उपांत्य सामन्याच्या सकाळी सरांचा घसा बसला. तोंडातून वारा नुसता. आयोजक दुसऱ्या एका जुन्या खेळाडूला शोधायला लागले, तो नळदुर्गहून निघाला होता आणि पोचला नव्हता. मी टेबलावरून उठलो. सरांना म्हणालो, "सर, एकदा तिला द्या. तुमच्या पाया पडतो." मी असा कुणाच्या पाया पडणारा माणूस नाही. सरांनी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं, आणि माइक तिच्या हातात दिला. घोगऱ्या आवाजात म्हणाले, "नावं नीट घे. बाकी लई बोलू नको."

आमच्या जिल्ह्याच्या संघात सास्तूरकडची एक मुलगी होती. तिच्यासारखी संरक्षण करणारी मी दुसरी बघितलेली नाही. तिच्या नावापुढं तीन मिनिटांच्या आतली वेळ मी क्वचितच लिहिली असेल. आदल्या दिवशी मात्र तिच्या वेळा घसरल्या होत्या. उजव्या गुडघ्याला नी-कॅप होती. समोरचे संघ तो उजवा पाय दुखरा धरून खेळत होते आणि तरी ती सहज सापडत नव्हती.

लेक सुरुवातीला दबून बोलली. मग खेळ तापला आणि तिचा आवाज मोकळा झाला. लोक टेबलाकडं वळून बघायला लागले. एक म्हातारे गृहस्थ शेजारच्याला म्हणाले, "कुणाची रं पोरगी? ब्येस बोलती की." मी मान खाली घालून आकडे लिहीत होतो. कान तिच्याकडंच होते.

सास्तूरची मुलगी दुसऱ्या तुकडीत आत आली. दीड मिनिट ती सहज पळाली. आणि माझी लेक माइकवर म्हणाली, "बघा, नी-कॅप उजव्या गुडघ्याला आहे, पण ती जपतेय डावा. खांबाशी प्रत्येक वेळी डावीकडंच वळतेय. उजवीकडं वळायचं तर डाव्या पायावर जोर द्यावा लागेल. तो ती देत नाहीये."

माझा पेन थांबला. इतकी वर्षं टेबलावर बसून मला त्या घसरलेल्या वेळांचं कारण दिसलं नव्हतं आणि हिनं ते दीड मिनिटात सांगितलं. सरांनी मागून टेबलावर थाप मारली. मला वाटलं, वाहवा देतायत. मी हसून वळलो तर सरांचं तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज निघत नव्हता. ते हात पुढं करून माइक मागत होते.

मैदानाच्या चारी कोपऱ्यांत कर्णे लावलेले होते. समोरच्या संघाचा प्रशिक्षक खुर्चीतून उठला आणि ओरडला, "उजवीकडं काढा तिला! उजवीकडं!" पुढच्या दोन खोंमध्ये त्यांनी तिला खांबाच्या त्या बाजूला दाबलं. तिला उजवीकडं वळावंच लागलं. डावा पाय टेकला आणि ती तिथंच बसली. तिच्या पाठीवर थाप पडली तेव्हा ती गुडघा धरून आडवी झाली होती. तिला उचलून नेलं. मी तिच्या नावापुढं वेळ लिहिली. तो आकडा आजही डोळ्यापुढं येतो, पण इथं लिहवत नाही.

आम्ही तो सामना हरलो. लेकीच्या हातातला माइक कुणी काढून घेतला ते मला दिसलं नाही. लोक मात्र दिसले.

"ए बाई, त्यांच्याकडून किती घेतले?"

"कधी खो दिलाय का आयुष्यात?"

"घरी बसवा वो हिला. मैदान काय स्वैपाकघर हाय का बडबडायला?"

सर माझ्या शेजारी येऊन बसले. घोगऱ्या आवाजात म्हणाले, "नी-कॅप मीच चढवली होती, चांगल्या पायाला. आमच्या वेळेपासून करतात. खेळलेल्या माणसाला ते दिसतं अण्णा. अन् तो गिळतो." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो.

तेवढ्या समालोचनाचा तुकडा संध्याकाळपर्यंत सगळ्या मोबाइलवर फिरला. कंपनीच्या माणसाचा फोन दुसऱ्या दिवशी आला. लेकीनं त्याला माझा नंबर दिला.

"खरं सांगू का काका," तो म्हणाला, "मी घरी ऐकत होतो. ते वाक्य ऐकून मी उठून बसलो. असं विश्लेषण आमच्याकडं कुणी करत नाही. पण आता वाद झालाय. विश्लेषणाला आम्ही खेळलेला माणूस घेतोय. मॅडमना पाहुण्यांचं स्वागत आणि बक्षीस समारंभ देऊ शकतो."

"साहेब, एक सामना अजून द्या," मी म्हणालो. "एक अर्धा सामना द्या. ती तुमच्याकडं खोलीत बसून बोलेल. मैदानात कुणाला ऐकू जाणार नाही." मी आडतीच्या मागच्या बाजूला पोत्यांमध्ये उभा होतो, हमाल बघत होते, आणि मी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होतो. त्यानं फोन ठेवल्यावरही बहुधा एकदा म्हणालो.

मी पुष्कळ विचार केला. ती कधी खेळली नाही म्हणून इतकी वर्षं बाजूला बसून बघत राहिली, आणि म्हणून तिला ते दिसलं. आणि ती कधी खेळली नाही म्हणूनच ते बोलून गेली. जमेच्या बाजूलाही तेच आणि नावेच्या बाजूलाही तेच. असा हिशेब मी आजवर कधी मांडलेला नाही, आणि तो मला सुटलेला नाही. खेळलेलाच माणूस हवा म्हणणाऱ्यांना मी खोटं पाडू शकत नाही. पण तिच्या जागी नुकताच खेळ सोडलेला एखादा पोरगा चुकला असता तर त्याला घरी बसवा म्हणाले असते का? म्हणाले असते, तरणं रक्त आहे, शिकेल.

आठवडाभरानं लेक म्हणाली, "मला सास्तूरला न्या." मोटारसायकलवर ती माझ्या खांद्यावर हात ठेवून मागं बसली. गावाबाहेरच्या पत्र्याच्या घरात ती मुलगी बाजेवर होती, डाव्या पायाला प्लास्टर. तिच्या आईनं आम्हाला पाणी दिलं आणि आत निघून गेली. बाहेर आलीच नाही.

लेक बाजेजवळ खाली बसली. "माझं चुकलं," म्हणाली.

त्या मुलीनं पायाखालची उशी सारखी केली. मग म्हणाली, "चुकलं कुठं? खरंच होतं ते. आमच्या सरांबिगर कुणीच वळखलं न्हवतं." पुढं म्हणाली, "पण तुला कुणी सांगितलं न्हवतं का गं, आमाला ऐकू येतं म्हणून? पळताना समदं ऐकू येतं. तू बोलली तवाच मला कळलं, आता गेलं."

लेकीची छाती वाजायला लागली. मी दम्याचा पंप काढून दिला. मोबाइलमधल्या फुटबॉलवाल्या बाईचं बोलणं तिथल्या कुठल्या खेळाडूला ऐकू जात नव्हतं. ही बोलायला शिकली ती तिथून.

"परत कधी उभी राहणार?" मी विचारलं.

"डॉक्टर काय सांगत न्हाईत. निवड तर गेलीच." मग माझ्या लेकीकडं बघून म्हणाली, "तू बोलायचं सोडू नको. आमच्यातल्या कुणाला असं सांगता येत न्हाय."

हे ऐकून माझ्या जिवात जीव आला होता. परतीच्या वाटेवर मी तेच तेच बोलत होतो, बघ, तीच म्हणाली ना, तीच म्हणाली. लेकीनं माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला आणि मागचा दांडा धरला.

नंतर मी सरांकडं चार वेळा गेलो. चौथ्या वेळी ते म्हणाले, "बरं. शाळांच्या उन्हाळी सामन्यात देतो तिला माइक. पण बघा." तिला तयार करायला मला आणखी दिवस लागले. मी हात जोडले, तिच्या आईनं हात जोडले. ती आली.

मी टेबलावर, ती शेजारी, पूर्वीसारखी. ती बोलायला लागली. अमुक शाळेची अमुक मुलगी मैदानात. सुंदर खो. गडी बाद. टाळ्या होऊ द्या. अमुक साहेबांकडून उत्तम संरक्षणासाठी बक्षीस. आवाज स्वच्छ, एकही नाव चुकलं नाही. एक पोरगी वळताना प्रत्येक वेळी मागं बघत होती, ते मलासुद्धा दिसलं. लेकीला दिसलं नसेल असं होणार नाही. तिनं पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाली, "छान पळती. टाळ्या होऊ द्या."

मध्यंतरात सर येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आता जमलं बघ तुला." मागचे दोघे-तिघे म्हणाले, "व्हय, आता कसं!" पुढच्या सामन्याचं निमंत्रण तिथल्या तिथं मिळालं.

ते गेल्यावर मी माइकचं बटण बंद केलं. दोनदा तपासलं. तिच्याकडं सरकून लहानपणी विचारायचो तसं विचारलं, "आता कोण बाद होणार? मला एकट्याला सांग. कुणाला ऐकू जाणार नाही."

ती मैदानाकडं बघत होती. मुली रांगेत बसत होत्या, एक इकडं तोंड करून, एक तिकडं.

"काही दिसत नाही, पप्पा," ती म्हणाली. "तुम्ही वेळ लिहा."