भाट्याच्या वाळूत बदलीची फाईल

मुलगी रत्नागिरी जिल्ह्यात शिक्षिका म्हणून लागली त्याला सहा वर्षं झाली. आमच्या हिंगोलीकडची पोरं नोकरीसाठी कोकणात जातात, आणि ती रुजू झाल्या दिवसापासून घरचे लोक आंतरजिल्हा बदलीची वाट बघायला लागतात. मी तर जन्मभर कारकुनी केलेली. यंदा बदलीचे अर्ज सुरू झाले तेव्हा तिची फाईल मीच तयार केली. अर्ज हल्ली मोबाईलवरच भरतात हे मला माहीत होतं, पण कागदाला दोरी बांधल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही. बायकोच्या गुडघ्यांचा दाखला, माझ्या रक्तदाबाचा दाखला, प्रत्येकाच्या तीन-तीन प्रती. फोनवर विषय काढला की मुलगी म्हणायची, "बघू, बाबा." शेवटची तारीख सोमवारची होती. म्हणून आदल्या गुरुवारी आम्ही दोघं निघालो. शेजारीपाजारी सांगताना सहल म्हणून सांगितलं.

कोल्हापूरपर्यंत रेल्वे आणि पुढे घाटातून एसटी. बायकोनं पाच किलो ज्वारीचं पीठ, वर्षाला पुरेल इतकी हळद आणि बरणीभर ठेचा घेतला होता. तिकडं पोरगी भातावर दिवस काढते, हे तिचं सहा वर्षांचं दुःख. घाटात तिला उलटी झाली. मला झाली नाही, कारण माझ्या मांडीवर फाईल होती.

शनिवारी सकाळची शाळा. रत्नागिरी शहरापासून अर्ध्या तासावर एका वाडीत दोन खोल्या, चौदा लेकरं आणि दारात फणस. आम्ही मागच्या बाकावर बसलो. तेवढ्यात दोन वेण्यांची एक पोर उठून तक्रार करायला लागली, "बाई, ही माझं खोडरबर घेऊन राहिली!" हे बोलणं आमच्या हिंगोलीकडचं, कळमनुरी-बाळापूरचं. समुद्राकाठच्या लेकराच्या तोंडी ते कुठून आलं हे विचारायची गरज नव्हती. मला हसू फुटलं. बायको हसली नाही, ती मुलीकडे बघत होती. मुलगी त्या दोघींच्या मधे उकिडवी बसून खोडरबराचे पट्टीनं मोजून दोन तुकडे करत होती.

सुट्टीत एक आजोबा शहाळी घेऊन आले आणि म्हणाले, "बाईंना नेऊ नका हो." मी हसून वेळ मारून नेली. फाईल पिशवीत होती.

रविवारी दुपारी मुलीनं आम्हाला भाट्याच्या किनाऱ्यावर नेलं. समुद्र मी पहिल्यांदाच बघत होतो. मनात पहिली गोष्ट आली ती अशी, की यंदा इथंही पाणी उतरलंय. लांबपर्यंत ओली वाळू उघडी पडली होती. आमच्याकडे ईसापूर धरणाचं पाणी दिवाळीनंतर असंच मागं सरकतं, आणि उघड्या पडलेल्या जमिनीत लोक गाळपेर करतात, हरभरा काढतात. एकदा सोडलेली जमीन पाणी पावसाळ्यापर्यंत परत मागत नाही.

"एवढी जागा मोकळी हाय. कुणी काही पेरत न्हाई का हितं?" मी विचारलं.

"बाबा, समुद्र हाय हा," मुलगी म्हणाली आणि पोट धरून हसली.

भरती-ओहोटी मी शाळेत शिकलो होतो, परीक्षेतही लिहिली होती. पण डोळ्यांपुढे धरण होतं.

ती खुशीत दिसली. साहेब खुशीत असले की फाईल पुढं करायची, हे मी नोकरीत शिकलो. तेवढ्यात बायको म्हणाली, आधी थोडं फिरून येऊ. मी पाण्यापासून चांगला लांबचा, कोरडा दगड बघितला, त्यावर फाईल ठेवली, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर चपला ठेवल्या आणि निर्धास्त निघालो. सुरूच्या बनापर्यंत गेलो, तिथं बायकोच्या गुडघ्यांना विसावा दिला, भेळ खाल्ली. तासाभरानं परत आलो तर दगडच नव्हता. दगडाच्या जागी समुद्र होता, आणि समुद्रावर माझी फाईल आणि माझ्या चपला.

"फाईल! अगं, फाईल!" मी ओरडलो.

मुलगी सलवार सावरत धावत पाण्यात शिरली. एक चप्पल उचलली. दुसरी लांब गेली होती, तिच्यासाठी ती कमरेपर्यंत आत गेली. फाईल तिच्या हाताशीच होती, वाकायचीही गरज नव्हती. तिनं फाईलकडे बघितलं. मग चपला घेऊन बाहेर आली आणि माझ्या पायांशी ठेवल्या.

"वाळतील," म्हणाली.

मी फाईलकडे बघत होतो. प्लॅस्टिकचं कव्हर असल्यामुळे ती बराच वेळ बुडाली नाही. चांगल्या प्रतीचं घेतलं होतं.

"तुला यायचं न्हाई का?" मी विचारलं. सहा वर्षांत हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला.

ती सलवारीचं पाणी पिळायला लागली. बायकोच म्हणाली, "मला दोन वरसांपासून ठाऊक हाय."

"मग सांगितलं काहून न्हाई?"

"तुमी दाखले गोळा करून राहिले होते."

मुलीनं पर्समधून मोबाईल काढला. तिचे हात ओले होते, तो दोनदा निसटला. "बाबा, कागद गेले तरी काई बिघडत न्हाई. अर्ज ह्याच्यात हाय. तुमी म्हणाल तर आत्ता भरते. खरंच भरते."

ती भरणार होती, यात मला शंका नाही. मी नुसतं हो म्हणायचं होतं. मला ती घरी हवी होती. आजही हवी आहे. संध्याकाळी फाटक वाजलं की अजून वाटतं तीच आली. रोज कुणा ना कुणाच्या अर्जावर शिक्का मारत मी नोकरी काढली, पण अर्जदारालाच नको असलेला अर्ज माझ्या टेबलावर कधी आला नव्हता. त्याचं काय करायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

"नको," मी म्हणालो. "न्हाई भरायचा."

त्यावर ती रडायला लागली. फोनवर ती कधी रडली नव्हती. तिचं बघून मीही चारचौघांत, पँट गुडघ्यापर्यंत वर केलेली, तसाच उभा राहून रडलो.

बायकोनं माझ्या ओल्या चपला उचलून हातात घेतल्या.

"चला आता दोघंबी," ती म्हणाली. "पाणी येऊन राहिलं."